इंजेक्शन, अवजारं, लशींचा फ्रीज : घराजवळच्या दवाखान्यात रुग्णाने नेमकं काय बघायचं?

सिंहगडरोडकर

नमस्कार. सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला एक पानी टिपण करतोय. घराजवळच्या साध्या दवाखान्यात गेल्यावर, खुर्चीत बसल्याबसल्या काय बघून घ्यायचं, एवढाच त्याचा विषय. एक डॉक्टर, एक सिस्टर किंवा कंपाउंडर, तपासायचं एक टेबल, असा दवाखाना डोळ्यासमोर आहे.

खाटा असलेल्या हॉस्पिटलला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागतो. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. रुग्ण दाखल न करणाऱ्या ओपीडीला हा कायदा लागत नाही, आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. तेव्हा आत काय चालतं हे बघणारे डोळे बहुतेक वेळा रुग्णाचेच असतात.

पदवी आणि नोंदणी क्रमांकाचा भाग लिहून झालाय. २००२ च्या नियमावलीनुसार क्रमांक दवाखान्यात लावलेला हवा, चिठ्ठीवर आणि पावतीवरही हवा. एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, आणि नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. अडलंय ते पुढे. "सिरिंज माझ्यासमोर फोडली" एवढ्यावर समाधान मानायचं का? मोठ्या बाटलीतून औषध ओढतात त्याचं काय? ड्रेसिंगची अवजारं "उकळलेली आहेत" हे उत्तर चालेल का? आमच्याकडे महावितरणच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तेव्हा लशींच्या फ्रीजचं काय होतं? चिठ्ठी न देता पुड्या मिळाल्या तर? आणि चूक दिसली तर कुठे जायचं?

सिस्टर_कोथरूड

दादा, सुरुवात व्हायलपासून करा. सिरिंज सगळे बघतात, बाटलीकडे कुणाचं लक्ष नसतं. नव्या सिरिंजने दूषित बाटलीतलं औषध दिलं तर नव्या सिरिंजचा काही उपयोग नाही.

काचेची ॲम्प्युल म्हणजे मान मोडून उघडायची, एका माणसाला एकदा, उरलेलं टाकून द्यायचं. रबरी बुचाची मल्टिडोस व्हायल म्हणजे त्यात परिरक्षक (जंतू वाढू न देणारं रसायन) घातलेलं असतं आणि अनेकांना पुरते. डेक्सामेथासोनसारख्या औषधांच्या अशा बाटल्या ओपीडीत दिसतात. परिरक्षक जंतूंवर हळूहळू काम करतं, विषाणूंवर करत नाही. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणूच आहेत.

गडबड होते ती अशी. एकाला टोचलेल्या सिरिंजची फक्त सुई बदलायची आणि त्याच सिरिंजने बाटलीतून पुन्हा औषध ओढायचं. टोचताना दट्ट्या किंचित मागे येतो, सिरिंजच्या नळीत डोळ्याला न दिसण्याइतकं रक्त शिरतं, आणि तिथून ते बाटलीत जातं. त्यानंतर त्या बाटलीतून औषध घेणारा प्रत्येक जण धोक्यात. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात २००९ मध्ये कावीळ ब ची मोठी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज-सुयांमुळेच.

बघायचं काय, तर बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवलेली आहे का. घाईच्या दवाखान्यात "परत परत टोचायला नको" म्हणून ती तशीच राहते. ती सुई म्हणजे हवेतले जंतू आत जायला उघडा रस्ता. हे दिसलं तर त्या बाटलीतलं इंजेक्शन घेऊ नका. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली हवी. उघडल्यापासून जास्तीत जास्त २८ दिवस, आणि कंपनीने कमी दिले असतील तर तेवढेच. बूच प्रत्येक वेळी ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं.

पावडरचं इंजेक्शन (सेफ्ट्रियाक्सोन वगैरे) विरघळवायला कुठलं पाणी घेतात, हेही बघा. सोबत येणारी डिस्टिल्ड वॉटरची छोटी ॲम्प्युल त्या एका रुग्णापुरती असते. सलाईनच्या मोठ्या बाटलीत सुई खोचून तेच पाणी दिवसभर सगळ्यांना वापरणं ही मोठी चूक, कारण सलाईनमध्ये परिरक्षक अजिबात नसतं. दुपारपर्यंत त्यात जंतू वाढायला लागलेले असतात.

बरणीत स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळेही नकोत. प्रत्येक जण बोटं घालतो, स्पिरिट उडून जातं, बरणीच दूषित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत हे स्पष्ट मनाई केलेलं आहे. कोरडा बोळा घेऊन त्यावर तिथल्या तिथे स्पिरिट ओतणं बरोबर. सकाळीच भरून ट्रेमध्ये ओळीने ठेवलेल्या सिरिंजांनाही नाही म्हणा. आत काय आहे, किती वेळ झालाय, काहीच सांगता येत नाही.

कुल्ल्यावर इंजेक्शन असेल तर आडवं झोपून घ्या. उभ्याने घेताना स्नायू ताठ असतो आणि जागा चुकते. वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशाऐवजी सुई आतल्या बाजूला गेली तर सायटिक नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडू शकतं. तान्ह्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच.

जनरल_प्रॅक्टिस_पुणे

सिस्टरताईंचं सगळं मान्य. टिपणात मात्र त्याआधी एक ओळ घाला : "हे इंजेक्शन लागेलच का? गोळीने होणार नाही का?" ओपीडीत दिली जाणारी बरीच इंजेक्शनं गोळीने भागण्यासारखी असतात. न घेतलेल्या इंजेक्शनचा संसर्ग होत नाही.

सलाईनचंही तेच. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, तिच्यातून शंभर कॅलरीही मिळत नाहीत, एका पोळीएवढ्याच. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. हृदय अशक्त असलेल्या किंवा किडनीच्या रुग्णाला ते "ताकदीसाठी" चढवणं घातक ठरू शकतं. उलट्या थांबत नाहीत, तोंडाने काही राहत नाही, लघवी कमी झालीय, तेव्हा सलाईन हवंच. तोंडाने घेता येत असेल तर ओआरएस : मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. मोठं पाकीट एका ग्लासात कालवलं तर मीठ घातक प्रमाणात वाढतं.

पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला दंडात किंवा कमरेत इंजेक्शन द्यायची घाई करू नये. डेंग्यू असेल आणि प्लेटलेट उतरलेल्या असतील तर स्नायूत रक्त साकळतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉल. डेंग्यूसाठी एनएस१ ही रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएम ही. एकाच विडाल तपासणीवर "टायफॉइड आहे" म्हणून महागडी अँटिबायोटिक सुरू होत असतील तर "आधी ब्लड कल्चर करू या का?" असं नक्की विचारा. पहिला डोस गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडायची शक्यता कमी होते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आता ज्यावर जीव अवलंबून असतो ते. कुठलंही इंजेक्शन, लस सुद्धा, क्वचित तीव्र ॲलर्जी उठवू शकते. अंगावर गांधी, घसा आवळणं, धाप, रक्तदाब कोसळणं, आणि हे काही मिनिटांत. दवाखान्यात ॲड्रेनलिनची ॲम्प्युल (१ मिलीत १ मिग्रॅ) हाताशी हवी, कपाटाच्या कुलपात नको. मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मुलांना किलोमागे ०.०१ मिली, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला झोपवायचं, पाय उंच, उठून बसवायचं नाही. फार धाप असेल तरच टेकवून बसवायचं. चूक नेहमी एकच होते : आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) आणि स्टेरॉइड देऊन वाट बघतात. ती दोन्ही मंद आहेत, घसा बंद होण्याआधी पोचत नाहीत. ॲड्रेनलिन आधी, १०८ ला फोन लगेच, बाकी नंतर.

म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा. जो दवाखाना तुम्हाला स्वतःहून बसायला सांगतो आणि ॲड्रेनलिनबद्दल विचारल्यावर ट्रे उघडून दाखवतो, तिथे बाकीच्या गोष्टीही बहुधा जागेवर असतात. "आधी टेस्ट डोस दिलाय" म्हणून निघून जाऊ नका, टेस्ट डोसला काही न झालेल्यालाही पूर्ण डोसची ॲलर्जी येऊ शकते.

रक्तदाबाचं थोडक्यात : पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, शर्टाच्या बाहीवरून नाही. जाड दंडाला छोटा कफ लावला की आकडा खोटा वाढतो. एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.

आणि डॉक्टर वेळेत पुढे पाठवतात का, हीसुद्धा दर्जाचीच खूण. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण आढळले होते. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढता न येणं, अशक्तपणा वर सरकत जाणं, अशा रुग्णाला बी१२ चं लाल इंजेक्शन देऊन घरी पाठवणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. त्याला त्याच दिवशी आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात पाठवायला हवं.

निर्जंतुक_विभाग

अवजारांबद्दल. "उकळलेली आहेत" हे उत्तर चालणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू (कडक कवचातलं त्यांचं सुप्त रूप) १०० अंशांनाही तगतात. टाके घालायची, गळू फोडायची अवजारं ऑटोक्लेव्हमधूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) हवीत : १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या अवजारांना ३० मिनिटं. आणि ही मिनिटं दाब पूर्ण चढल्यानंतर मोजायची, गॅस पेटवल्यापासून नाही.

छोट्या दवाखान्यात कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह असतो. त्यात हमखास होणारी चूक म्हणजे आतली हवा बाहेर काढायच्या आधीच झडप बंद करणं. काटा १५ पौंड दाखवतो, पण आत हवा आणि वाफ मिसळलेली असल्याने तापमान १२१ पर्यंत पोचतच नाही. झडपेतून सलग, जोरदार वाफ यायला लागली की मगच ती बंद करायची.

पाकिटावरच्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटलेले असतात. त्यावरून एवढंच कळतं की पाकीट आत जाऊन आलं. आतले जंतू मेले की नाही हे बीजाणूंच्या चाचणीनेच कळतं. ती नियमित करतात का, हे विचारायला हरकत नाही. पाकीट ओलं किंवा फाटलेलं असेल तर ते निर्जंतुक धरू नका. धुण्याचं काम आधी, नीट ब्रशने आणि कात्रीची पाती उघडी ठेवून. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही.

ग्लुटारल्डिहाइडच्या ट्रेमध्ये (बरेच जण "सायडेक्स" म्हणतात) अवजार २० मिनिटं बुडवलं की बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू मारायला १० तास लागतात. द्रावण कालवल्यापासून बहुतेक १४ दिवस चालतं, डब्यावर तारीख हवी. सॅव्हलॉनच्या उंच बरणीत उभा ठेवलेला चीटल फोर्सेप्स (लांब चिमटा) आणि त्यानेच सगळ्यांच्या जखमेचं सामान उचलणं, ही जुनी पद्धत आता सोडायलाच हवी. नेब्युलायझरचा मास्क आणि कप प्रत्येकाचा वेगळा, घरून नेलात तर उत्तम. साखर तपासताना बोटाला टोचायचं पेन अनेकांना वापरत असतील तर फक्त आतली लॅन्सेट बदलून भागत नाही, पेनाच्या टोकालाही रक्त लागतं. एकदाच वापरून फेकायची लॅन्सेट मागा. दातांच्या दवाखान्यात ड्रिलचा हँडपीससुद्धा प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा, नुसतं स्पिरिटने पुसून नाही.

लसीकरण_नोंदवही

फ्रीजचं मी सांगते. लशींना २ ते ८ अंश लागतात. लोक उष्णतेला घाबरतात, पण घरगुती फ्रीजमध्ये लस गोठून वाया जायचा धोकाही तेवढाच असतो. कावीळ ब, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लशी एकदा गोठल्या की वितळल्यावर दिसायला जवळपास तशाच दिसतात, पण काम करत नाहीत. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले डबे हमखास गोठतात. दारातल्या कप्प्यात तापमान सतत वर-खाली होतं. जागा मधल्या फळीवर, भिंतीला न टेकता.

बाटलीवर गोल चिन्हात चौकोन असेल तर तो व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस घ्यायची, सारखा किंवा गडद झाला असेल तर नाही. हे चिन्ह उष्णतेचंच सांगतं, गोठल्याचं नाही. खासगी दवाखान्यातल्या सगळ्याच लशींवर ते नसतं, म्हणून फ्रीजचा थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा तापमान लिहिलेली वही बघायला मागा. गुरुवारी वीज जाणार हे आधीच माहीत असतं. तेव्हा फ्रीज उघडायचा नाही, आत बर्फाचे पॅक ठेवलेले हवेत, आणि वीज आल्यावर आधी तापमान बघून मग टोचायचं. त्याच फ्रीजमध्ये जेवणाचा डबा ठेवलेला दिसला तर दार दिवसभर उघडतं हे समजून घ्या.

सिस्टरताईंच्या २८ दिवसांना एक जोड. बीसीजी आणि गोवर-रुबेला या पावडरच्या लशी कालवल्यावर चार तासांत संपवायच्या, उरल्या तर टाकायच्या. त्यांत परिरक्षक नसतं, जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं. कालवायचं द्रावण त्याच कंपनीचं, त्याच लशीसोबत आलेलं. बाटलीवरचा बॅच क्रमांक बाळाच्या कार्डावर लिहून घ्या.

मेडिकलवाले_पेठेतले

डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला औषध देणं कायद्यात बसतं. अडचण असते ती नाव नसलेल्या पुडीची. ॲलर्जी आली किंवा रात्री ससून रुग्णालयात न्यावं लागलं तर पोटात काय गेलंय हे तिथल्या डॉक्टरांना कळतच नाही. गोळ्या कापलेल्या पट्टीसकट मागा, किंवा केसपेपरवर नावं लिहून घ्या. नियमानुसार औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत हवं. सांधेदुखी किंवा दमा पुडीने एका दिवसात गायब होत असेल, आणि महिन्याभरात चेहरा सुजून साखर वाढली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. मात्र अनेक आठवडे घेतलेली अशी पुडी एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

लहान मुलांच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं हवंच. पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं : थेंब १ मिलीत १०० मिग्रॅ, साधं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ, जास्त ताकदीचं ५ मिलीत २५० मिग्रॅ. डोस किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ : थेंब दीड मिली, किंवा साधं सिरप सव्वासहा मिली, किंवा जास्त ताकदीचं ३ मिली. चिठ्ठीत नुसतं "६ मिली" लिहिलं आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाला चौपट औषध जातं. मिली आणि ताकद, दोन्ही लिहून घ्या. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना नको, डिसेंबर २०२३ पासून केंद्रीय औषध नियंत्रकांची तशी सूचना आहे.

लाल चौकटीतल्या इशाऱ्याची, कायद्यातल्या एच१ यादीतली औषधं आम्ही रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह लिहून तीन वर्षं ठेवतो. चिठ्ठीशिवाय ती कुणी देत असेल तर तिथून घेऊ नका.

ग्राहक_मार्गदर्शन

तक्रारीचं. पहिली पायरी म्हणजे कागद. केसपेपर, चाचण्या, बिल मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मग विषयानुसार दार वेगळं. एमबीबीएस डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, तेव्हा पदवी बघूनच अर्ज करा. नोंदणीच नसेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस. औषधाच्या दर्जाबद्दल अन्न व औषध प्रशासन, १८००२२२३६५. औषधाचा दुष्परिणाम झाला तर १८००१८०३०२४ वर कळवता येतो, त्यासाठी डॉक्टरांची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुद्यात लिहिलंय : "वापरलेली सुई आणि सिरिंज लाल डब्यात टाकतात का ते बघा." बरोबर आहे ना?

सिस्टर_कोथरूड

नाही दादा, एवढं बदला. सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, कटरने कापून. टोपण दोन्ही हातांनी परत लावायचं नाही, तेव्हाच बोटाला टोचतं. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. सुई काढलेली प्लॅस्टिकची सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. काचेची ॲम्प्युल आणि व्हायल निळ्या डब्यात. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई जोडलेलीच असते, ती अख्खी पांढऱ्या डब्यात. २०१६ चे नियम आहेत.

आणि सोसायटीचंच टिपण आहे तर घरच्या इन्सुलिनच्या सुयांचंही लिहा. त्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत मोकळ्या गेल्या की कचरा वेगळा करणाऱ्या "स्वच्छ"च्या ताईंच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर मराठीत "सुया आहेत" लिहा आणि ताईंच्या हातात वेगळी द्या.